पहिल्या रशरची किंमत

हॉकी इंडिया लीगच्या ऑक्टोबर २०२४ मधल्या लिलावात प्रत्येक संघाकडे ४ कोटी रुपये होते आणि त्यांत २४ खेळाडू बसवायचे होते. सरासरी काढली तर एकाच्या वाट्याला साधारण साडेसोळा लाख येतात. सूरमा हॉकी क्लबने एकट्या हरमनप्रीत सिंगसाठी ७८ लाख मोजले. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा एका माणसावर! आमच्या डॉर्मिटरीत यावरून अजून वाद होतात आणि बहुतेकांचे मत 'बरोबरच केले' असे आहे.

त्यांचा मुद्दा कच्चा नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताने १५ गोल केले, त्यांतले १० हरमनप्रीतचे. चांगला ड्रॅग फ्लिकर सहजासहजी मिळत नाही आणि जे मिळत नाही ते महाग असते.

माझे भांडण अमित रोहिदासच्या किमतीशी आहे. तो ४८ लाखांना तमिळनाडू ड्रॅगन्सकडे गेला. रक्कम लहान नाही, मान्य. पण तो करतो काय ते पाहा. पेनल्टी कॉर्नरला बचावासाठी गोलकीपर धरून फक्त पाच जण असतात, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. चेंडू बाहेर ढकलला गेला की पहिला रशर गोललाइनवरून सुटतो तो थेट फ्लिकरच्या दिशेने. तोंडावर मास्क, गुडघ्याला पॅड, आणि समोरून ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास येणारा चेंडू. आपण सगळे त्या चेंडूपासून अंग चोरतो. हा त्याच्याकडे धावतो. चेंडू अडला तर स्कोअरबोर्डवर काहीच लिहिले जात नाही.

पॅरिसमध्ये ४ ऑगस्टला ब्रिटनविरुद्ध सतराव्या मिनिटाला रोहिदासला रेड कार्ड मिळाले. उरलेला सामना दहा जणांनी १-१ असा राखला आणि शूटआऊटमध्ये श्रीजेशच्या जोरावर तो ४-२ ने जिंकला. तो पराक्रम सर्वांना आठवतो. पुढचा सामना मात्र कोणी काढत नाही. एका सामन्याच्या बंदीमुळे उपांत्य फेरीत रोहिदास नव्हता. जर्मनीच्या गोन्झालो पेयाटने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला आणि आपण ३-२ ने हरलो. रोहिदास असता तर तो गोल झालाच नसता असे मी म्हणणार नाही. पेयाट कोणालाही चुकवू शकतो. पण लिलावात हैदराबाद तूफान्सने पेयाटला ६८ लाख दिले. गोल करणाऱ्यात आणि तो अडवणाऱ्यात वीस लाखांचा फरक कुठून आला, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

मला वाटते, तो आपल्या नोंदवहीतून येतो. आमच्या इंटर-हाउस सामन्यांच्या तक्त्यावरही गोल करणाऱ्याचे नाव आणि मिनिट असते. किती कॉर्नर अडवले, कोणी अडवले, याला रकानाच नाही. तो एक रकाना वाढवायला खडूशिवाय काही लागत नाही.

माझ्याकडे ४ कोटी असते तर मी पहिला रशर आणि गोलकीपर आधी उचलले असते. हे मेसमध्ये बोललो तर आमच्या हाउसचा फ्लिकर म्हणाला, "मग गोल कोण मारणार?" जुगराज सिंग. तोही ४८ लाखांनाच गेला होता, बंगाल टायगर्सकडे, आणि राउरकेलाच्या अंतिम सामन्यात पेयाटच्याच हैदराबादविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली. दोघांचे मिळून ९६ लाख.