वरची नोंद ताजी असतेच असे नाही

कीड सर्वेक्षणाची संगणकीय यादी उघडली की शेवटी भरलेली नोंद बहुधा सर्वांत वर दिसते. संगणक प्रत्येक नोंदीला ती तयार होताच चढता क्रमांक देतो आणि यादी त्या क्रमांकाच्या उलट्या क्रमाने मांडतो. बँकेच्या व्यवहारांसाठी ही रचना सोयीची आहे, कारण तेथे व्यवहार घडणे आणि त्याची नोंद होणे या गोष्टी जवळजवळ एकाच क्षणी होतात. शेतात मात्र निरीक्षण एका दिवशी होते आणि नोंद दुसऱ्याच दिवशी तयार होते. मोबाइलला संपर्कक्षेत्र नसते, वही घरी राहते, कृषी सहाय्यकाकडे त्याच आठवड्यात पंचनाम्याचे काम येते. तरीही यादीच्या माथ्यावरील आकडा आजचा समजूनच सल्ला दिला जातो.

यातून काय घडू शकते, हे कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत स्पष्ट दिसते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा प्रति रात्र आठ किंवा अधिक पतंग आढळले की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, असे मानतात. या निकषात ‘आठ’इतकेच ‘सलग’ या शब्दालाही महत्त्व आहे. समजा, एका सापळ्यात चार रात्री अनुक्रमे ४, ९, ११ आणि १३ पतंग आले. कार्यकर्त्याने शनिवारी वही उघडली आणि शेवटच्या पानापासून मागे जात नोंदी भरल्या. आता यादीत सर्वांत वर ४ हा आकडा असेल, त्याखाली ९, ११ आणि तळाशी १३. वरची नोंद ताजी मानून वाचणाऱ्यास पतंग १३ वरून ४ वर उतरल्याचे दिसेल. आकडे सगळे खरे, भरणाऱ्याची लबाडी नाही, संगणकाचाही दोष नाही. तरी वाढता प्रादुर्भाव कागदावर ओसरता ठरला.

ही चूक आठवड्याभराने लक्षात आली तरी उपयोग थोडा. अंड्यातून निघालेली अळी अल्पावधीत बोंडात शिरते, शिरल्याचे छिद्रही बुजते आणि त्यानंतरची फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. २०२१ मध्ये पंजाबातील भठिंडा व मानसा या जिल्ह्यांत या अळीने कपाशीचे मोठे नुकसान केले. मध्य व दक्षिण भारतातील कापूस उत्पादकांना तर तिचा अनुभव त्याआधीपासूनच आहे. या किडीच्या बाबतीत दिवसांचा हिशेब चुकणे म्हणजे पिकाचा हिशेब चुकणे होय.

म्हणून उलट्या क्रमाने वाचूच नये, असे मात्र नाही. कारण शोधताना मागेच जावे लागते. बोंडे किडकी निघाली की त्याआधीच्या डोमकळ्यांची नोंद पाहावी, त्याआधीची सापळ्यांची, त्याआधी ल्यूर कधी बदलला याची, आणि शेवटी शेताजवळ जुन्या पऱ्हाट्यांचे ढीग होते का, जवळ जिनिंग होते का, याची. ही पावले निरीक्षणाच्या तारखेने टाकावी लागतात, नोंदीच्या क्रमांकाने नव्हे. अमेरिकन लष्करी अळी मे २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर प्रथम आढळली. अशी नवी कीड ओळखली गेली की आधीच्या नोंदींत ती दुसऱ्या नावाने दडली आहे का, हे तपासणे क्रमप्राप्त ठरते. जुन्या नोंदीसोबत छायाचित्र असेल, तर डोक्यावरील उलट्या ‘वाय’ आकाराच्या खुणेवरून आणि शेवटून दुसऱ्या वलयावरील चौकोनातील चार ठिपक्यांवरून ती अळी नंतरही ओळखता येते. छायाचित्र नसलेली, केवळ ‘अळी, मध्यम’ एवढीच नोंद अशा वेळी मुकी ठरते. तीच गोष्ट दुरुस्तीची. जुना आकडा पुसून त्या जागी नवा लिहिला की नोंद यादीत जागची हलत नाही आणि बदल झाल्याचे कोणास कळतही नाही. दुरुस्ती स्वतंत्र नोंदीने व्हावी.

महाराष्ट्रात ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प २००९-१० पासून राबवला जात आहे, तर १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. आता शेतकरी स्वतःही मोबाइलवरून किडीचे छायाचित्र पाठवू शकतो. हे स्वागतार्ह आहे. पण नोंद करणारे हात वाढले तसे विलंबाचे प्रकारही वाढणार. अशा प्रत्येक प्रणालीत निरीक्षणाची आणि नोंदीची अशा दोन तारखा शेजारी शेजारी दिसाव्यात, यादी मुळातच निरीक्षणाच्या तारखेने लावलेली असावी आणि दोन्हींतील अंतर दिवसांत छापले जावे. संगणक तज्ज्ञासाठी हे थोड्या तासांचे काम आहे. त्याची मागणी मात्र शेतात जाणाऱ्यांकडूनच यावी लागेल, कारण पटल तयार करणाऱ्यास सापळा रात्रीचा मोजला जातो हे ठाऊक असेलच असे नाही.

तोपर्यंत विस्तार कार्यकर्त्यांनी वही पहिल्या पानापासून भरावी आणि सल्ला देण्यापूर्वी एकाच सापळा क्रमांकाच्या शेवटच्या तीन रात्री तारखेनुसार लावून पाहाव्यात. शेतकऱ्यांनीही ‘फवारणी करा’ असा संदेश आला की, तो कोणत्या रात्रीच्या निरीक्षणावर आधारलेला आहे, हे विचारावे. संदेशात ती तारीख नसेल, तर पंप पाठीवर घेण्याआधी आपल्याच शेतातील वीस हिरवी बोंडे फोडून पाहावीत.