अंगण खरोखरच वाकडे असते तेव्हा

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपल्याकडे इतकी प्रमाणभूत मानली जाते की, सायकलीचा ब्रेक उशिरा धरतो, हँडल दूर पडते किंवा पुढचे चाक उचलताना कंबर भरून येते अशी कैफियत एखाद्या मुलाने मांडली रे मांडली, की ऐकणारा वडीलधारा तिची शहानिशा न करताच ह्या म्हणीचा निवाडा सुनावून मोकळा होतो. तिचा हा एकतर्फी अंमल आम्हांस मान्य नाही. अंगण कधीकधी खरोखरच वाकडे असते, आणि सायकलीचे अंगण पान्याने सरळ करता येते, एवढेच आम्हांस येथे सिद्ध करावयाचे आहे.

ज्या खेळाच्या निमित्ताने हा वाद आम्ही उपस्थित करीत आहो तो स्ट्रीट ट्रायल्स. पदपथाची कड, पायऱ्या, भिंतीचा माथा, ओटा ह्यांवर पाय जमिनीला न टेकता सायकल चढविणे, एका चाकावर ती तोलून धरणे आणि उडी घेऊन दुसऱ्या कडेवर नेमकी उतरविणे, हे त्याचे स्वरूप. ह्या सायकलीची चाके बहुधा 24 इंची असतात, गिअर एकच असतो, आणि सीट इतकी खाली असते की ती बसण्यासाठी नसून केवळ वाटेतून दूर राहण्यासाठी आहे असे वाटावे. नांदेड-लातूरकडे ह्या खेळाची परंपरा नाही, हे आम्ही प्रथमच कबूल करतो. परंतु शाळेच्या स्नेहसंमेलनातली ती ‘स्लो सायकल’, जिच्यात सर्वांच्या मागून पोहोचणारा जिंकतो आणि पाय टेकणारा बाद होतो, ज्याने एकदा तरी खेळली असेल, त्याला ह्या विद्येचे बीज निराळे समजावून सांगावे लागणार नाही. गावोगावच्या मैदानांत रात्रंदिवस सायकलीवरून न उतरता फेऱ्या घालणारे आणि चालत्या सायकलीवरून वाकून जमिनीवरचा रुमाल उचलणारे कलावंतही पुष्कळांनी पाहिले असतील.

पूर्वपक्षाचे पहिले म्हणणे असे की, कौशल्य अंगात असते, यंत्रात नसते. कसलेल्या स्वाराच्या हाती कोणतीही सायकल द्या, तो ती नाचवून दाखवील. ह्यास पुरावा म्हणून डॅनी मॅकास्किल ह्या स्कॉटिश स्वाराचे नाव पुढे केले जाते, कारण 2009 च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एडिंबरो शहरातील त्याच्या चित्रफितीने हा खेळ जगभर पोहोचविला. दाखला उत्तम आहे. फक्त तो पूर्वपक्षाच्याच विरुद्ध जातो. हा स्काय बेटावरचा मुलगा त्या काळी एडिंबरोत एका सायकलीच्या दुकानात कारागीर म्हणून काम करीत होता. म्हणजे ज्या हातांनी तो कुंपणाच्या अणकुचीदार माथ्यावरून सायकल नेत होता, तेच हात पोटासाठी दिवसभर पाना फिरवीत होते. त्याच्याही मागे जावयाचे तर मोटारसायकल ट्रायल्समध्ये नाव मिळविलेल्या पेरे पी ह्या कातालान स्वाराने आपल्या मुलाला, ओत पी ह्याला, तोल शिकविण्यासाठी सायकलीचा आश्रय घेतला, तेथून सायकल ट्रायल्सची वंशावळ सांगितली जाते. यंत्र अंगाजोगे करून घेणे हे ह्या विद्येच्या उगमातच आहे.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू, कारण वादाचा खरा निकाल तेथेच लागतो. हँडल वर घेतले व शरीराच्या जवळ आणले, तर भार सहज मागच्या चाकावर जातो आणि पुढचे चाक उचलणे हलके होते. तेच खाली व पुढे नेले, तर भार पुढे राहून पुढच्या चाकावर तोलणे आणि उडीत मागचे चाक ओढून घेणे सुकर होते. दोन्ही लाभ एकाच वेळी पदरात पडत नाहीत, आणि म्हणूनच कोणता सोडावयाचा हे स्वारालाच ठरवावे लागते. हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमखालची एक कडी काढून वर बसविणे, किंवा हँडल दोन अंश मागेपुढे फिरविणे, ह्यास खर्च काहीच नाही; पण मनगटाला तो फरक पहिल्या उडीतच कळतो. ब्रेकच्या दांड्याचेही तसेच. ह्या खेळात ब्रेक एका बोटाने धरावयाचा असतो. सबब दांडा हँडलवर इतका आत सरकवावा की तर्जनी त्याच्या टोकाशी पडेल, कारण टोकाशी तरफेचा लाभ सर्वांत अधिक. आणि तो इतका खाली झुकवावा की उभ्याने सायकल धरली असता बोट, मनगट व कोपर एका रेषेत येतील. रिमवर धरणारा ब्रेक असेल तर क्रम चुकवू नये: प्रथम चाकाचा आउट, म्हणजे फिरताना येणारे डुलणे, काढावा, मगच रबरे रिमजवळ आणावीत. आउट तसाच ठेवून नुसती तार ताणणारे लोक अर्ध्या फेरीत घासणारा आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत न धरणारा ब्रेक तयार करतात, आणि दोष मात्र मुलाच्या बोटांना देतात.

दुसरे म्हणणे असे की, कारखान्यातील जाणत्या माणसांनी जे बसवून दिले त्यात ढवळाढवळ करण्याची मुखत्यारी आपणास कोणी दिली? कारखान्याविषयी आमच्या मनात अनादर नाही. परंतु त्याच्यासमोर असतो तो एक सरासरी देह, जो नांदेडात नाही, लातुरात नाही, कोठेच नाही. त्याला आपले हवामानही ठाऊक नसते. ह्या सायकलीच्या रुंद टायरात साधारण 35 ते 45 पौंड हवा चालते. कमी ठेवली तर पकड वाढते, पण कडेवर आपटताच ट्यूब रिमखाली चिरडून दुहेरी पंक्चर होते. जास्त ठेवली तर चाक कडेवर टेकण्याऐवजी उसळते. आता एप्रिल-मे महिन्यांत पहाटे 27 अंशांवर 40 पौंड हवा भरली आणि सायकल दुपारी 43 अंशांत उभी राहिली, तर भौतिकशास्त्राच्या साध्या नियमाने दाब तीनएक पौंडांनी वाढतो. उन्हाने तापलेल्या डांबरावर त्याहूनही अधिक. सकाळी ओट्यावर मुकाट बसणारे चाक दुपारी का उसळू लागले, ह्याचे उत्तर स्वाराच्या कौशल्यात शोधणाऱ्याने प्रथम व्हॉल्व्ह उघडून पाहावा.

तिसरा पक्ष उलट दिशेने येतो: महाग पार्ट घाला, सर्व आपोआप सुधारेल. ह्याच्याशी फार वेळ घालविण्याचे कारण नाही. एक गोष्ट मात्र न्यायाने मान्य केली पाहिजे. ज्या फ्रीव्हीलला एका फेरीत 18 खटके आहेत, ती पकड येण्यापूर्वी 20 अंशांपर्यंत रिकामी फिरू शकते. 72 खटके असतील तर 5 अंशांत पकड येते, आणि जागच्या जागी उडी घेणाऱ्याला हे अंतर कोणत्याही पान्याने भरून काढता येत नाही. परंतु चेन अर्धा इंच हलेल इतकी ताणलेली नसताना, हँडलच्या मुळाशी खडखड असताना, रिमवर काळ्या मातीचा व तेलाचा थर बसलेला असताना नवी फ्रीव्हील आणणे म्हणजे पैसे देऊन अज्ञान विकत घेणे होय.

रीत साधी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बदलण्यापूर्वी हँडलवर रंगाची खूण करावी. नंतर ओळखीचीच उडी पुन्हा घेऊन पाहावी. आणि प्रत्येक फेरबदलानंतर स्टेमचे बोल्ट तपासावेत, कारण उडीत सुटलेले हँडल दुसरी संधी देत नाही. हेल्मेट अर्थातच. जागेचा प्रश्न निघतो, तेव्हा नांदेडच्या गोदावरीकाठच्या घाटांच्या पायऱ्यांकडे पाहून मुलांचे डोळे चमकतात. पण त्या स्नानाच्या व भाविकांच्या आहेत, त्यांना हात लावू नये. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात तर पायी चालण्यासही मुभा मागावी लागते. आठवडी बाजाराचे सिमेंटचे ओटे मात्र सहा दिवस रिकामे पडलेले असतात, आणि त्यांच्या कडा ह्या कामास इतक्या सोयीच्या आहेत की बांधणाऱ्याच्या मनात दुसरे काही होते की काय अशी शंका यावी.

उरला तो शेवटचा आक्षेप, की हे सारे श्रीमंती चोचले आहेत. असे म्हणणाऱ्याने, महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील अनेक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकल मिळते, तिच्याकडे पाहावे. ट्रायल्समध्ये सीट खाली हवी. मैलोगणती जाणाऱ्या मुलीला ती इतकी वर हवी की पायडल तळाशी असता पाय जवळजवळ सरळ व्हावा. जुळणी उलटी, तत्त्व एकच. दुकानातून आलेल्या उंचीवरच सीट ठेवून गुडघे छातीशी आणीत चढ चढणारी मुलगी पाहून ‘हिला सायकल जमत नाही’ म्हणणारा तोच आमचा म्हणीवाला. सायकल मिळाल्याचा कागद दप्तरी लावून घेताना शाळेने त्याच टेबलावर एक पाना ठेवावा, मुलीला सायकलीवर बसवावे आणि सीटचा बोल्ट तिच्याच हाताने सोडवून घेऊन पुन्हा आवळवावा. ह्यास शासनाच्या वेगळ्या हुकुमाची गरज नाही.