दऱ्यांचा दर्या

भोर-वेल्ह्याच्या दऱ्यांना समुद्र करण्याचा अधिकार सॉफ्टवेअरला कोणी दिला? ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला भेद अर्थाचा आहे, अलंकाराचा नव्हे. युनिकोडमध्ये ‘दऱ्या’तला अर्धा ‘र’ दोन प्रकारे लिहितात: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा ‘र’ व हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते भिन्न शब्द. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या एखाद्या आयत्या साधनाने ते अदृश्य चिन्ह पुसले, की तोरण्याखालची दरी समुद्रात बुडाली! नव्या आवृत्तीत ‘देवनागरी चालते’ एवढ्या ग्वाहीवर समाधान मानणे म्हणजे मराठीला हिंदीचे माप लावणे होय. पाठभेद तपासणे हे साहित्याच्या अभ्यासकांचे काम. ते ‘तांत्रिक’ म्हणून प्रोग्रामरवर ढकलायचे आणि मग भ्रष्ट संहितेबद्दल गळा काढायचा, हा दांभिकपणा आता पुरे.