सूज उतरली, पण कशामुळे?

आपल्या गळ्यात कंठमण्याच्या खाली फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला अवटु किंवा थायरॉईड ग्रंथी म्हणतात. शरीराची वाढ, ऊब आणि हृदयाची गती तिच्या स्रावावर अवलंबून असते. या ग्रंथीचा दाह झाला की ती सुजते आणि घरोघरी उपायांची चर्चा सुरू होते. आपल्याकडे कोणी कांचनार गुग्गुळ सुचवतो, तर कोणी आठवडी बाजारातून मुळी आणतो. चीनमध्ये शिया-खू-त्साओ या वनस्पतीच्या वाळलेल्या कणसांचा काढा देतात. साक्ष मात्र दोन्हीकडे एकच असते : “अमक्याला गुण आला!” एवढी साक्ष पुरेशी आहे काय?

वनौषधींची थट्टा करण्याचे कारण नाही. चौथ्या शतकातील चिनी वैद्य गे हुंग गलगंडावर समुद्रशेवाळ देत असे. पुढे १८११ साली फ्रान्समध्ये कूर्त्वा यांना समुद्रशेवाळाच्या राखेत आयोडीन सापडले आणि त्या जुन्या उपचाराचे मर्म उलगडले. आयोडीन कमी पडल्याने होणाऱ्या गलगंडावर शेवाळातील आयोडीनच उपयोगी पडत होते. अमेरिकेतील ॲक्रन येथे मरीन व किंबॉल यांनी १९१७ पासून शाळकरी मुलींच्या दोन गटांची तुलना केली. आयोडीनचा क्षार घेणाऱ्या २,१९० मुलींपैकी फक्त ५ जणींची ग्रंथी वाढली. न घेणाऱ्या २,३०५ पैकी मात्र ४९५ जणींची वाढली. याला म्हणतात पुरावा!

परंतु प्रत्येक सूज आयोडीनच्या अभावाने येत नाही. १९१२ साली हाशिमोतो या जपानी शल्यविशारदाने वर्णन केलेल्या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते. येथे जादा आयोडीन अपायही करू शकते. म्हणजे जे शेवाळ एका रोग्याला तारते, तेच दुसऱ्याला बाधते. या विकारात कधी कधी ग्रंथीच झिजून आक्रसते. तेव्हा सूज उतरते, पण रोग बरा झालेला नसतो. विषाणूच्या संसर्गानंतर येणारा दुखरा दाह तर बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप शमतो. त्या काळात कोणताही काढा घेतला तरी श्रेय त्या काढ्यालाच मिळणार!

खरा धोका पुढेच आहे. काढ्यावर विसंबून काही जण डॉक्टरांनी दिलेली थायरॉक्सिनची गोळी बंद करतात. रक्तातील थायरॉक्सिन निम्मे व्हायला सुमारे एक आठवडा लागतो. त्यामुळे पहिले काही दिवस काहीच बिघडल्यासारखे वाटत नाही. थकवा, मंदपणा आणि थंडी वाजणे हळूहळू परत येते. वाढत्या वयाच्या मुलामुलींची तर वाढच खुंटू शकते.

यावर उपाय काय? कोणाला किती गुण आला हे रक्ततपासणीने आणि तुलनेने ठरवावे. धाराशिव शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. दोघांनी मिळून अशा औषधांची कसोटी का पाहू नये? रोग्यांचे नेहमीचे उपचार चालू ठेवावेत. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करावेत. एका गटाला औषध द्यावे आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी द्यावी. कोणाला काय मिळाले हे रोग्याला आणि तपासणाऱ्यालाही कळू नये. औषध खरे असेल तर या कसोटीवर ते उतरेलच. ही कसोटी म्हणजे आयुर्वेदाचा किंवा चिनी वैद्यकाचा अपमान नव्हे. आधुनिक औषधांनाही याच दारातून यावे लागते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरात कोणाला थायरॉईडचा विकार असेल तर दोन गोष्टी आवर्जून सांगा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका आणि काढा घेत असाल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. आणि कोणी “गुण आला” म्हणाले की नम्रपणे विचारा : “औषध घेतले नसते तर काय झाले असते?”