बॅटरी बदलण्यापूर्वी

द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस होतो, केवड्याची फवारणी तातडीने उरकावयाची असते, आणि नेमका त्याच पहाटे छोटा ट्रॅक्टर चालू होत नाही. धावपळ करून दुपारी नवी बॅटरी आणली जाते. काही महिन्यांनी पुष्कळदा तीही उतरते. दोष बॅटरीला दिला जातो. वस्तुतः तो बहुधा निगेचा असतो.

ट्रॅक्टर चालू झाला नाही म्हणजे बॅटरी संपली, हा समज शेतकऱ्यास महाग पडतो. बॅटरी बदलणे हा देखभालीचा आरंभ नव्हे, ती अखेरची पायरी होय. प्रथम अग्रांवर साचलेला पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने व खाण्याच्या सोड्याने धुवावा आणि पकडी घट्ट कराव्यात. पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. दाब कमी असल्यास ती भारित करून पुन्हा तपासावी. भारित करूनही दाब १०.५ व्होल्टच्या आसपासच राहिला, तर सहापैकी एक घर निकामी झाले असे समजावे. अशा वेळी मात्र बॅटरी बदलण्यात कुचराई करू नये. हंगामाच्या तोंडावर जुन्या बॅटरीवर विसंबणे ही खरी काटकसर नव्हे. तसेच इंजिन चालू असता दाब साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्ट असावा. तो तितका चढत नसेल, तर दोष अल्टरनेटरमध्ये, त्याच्या पट्ट्यात अथवा जोडणीत आहे. तो दूर केल्यावाचून नवी बॅटरीही टिकणार नाही.

बदलताना इंजिन बंद करून ऋण अग्राची तार आधी सोडावी व नवी बसविताना ती सर्वांत शेवटी जोडावी. त्यामुळे पान्याचा ट्रॅक्टरच्या सांगाड्यास स्पर्श होऊन ठिणगी पडत नाही. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू स्फोटक असल्याने जवळ विडी-काडी पेटवू नये. बॅटरी पक्की आवळावी, कारण हादऱ्यांनी तिचे आयुष्य घटते. पाणी घालावयाच्या बॅटरीत केवळ डिस्टिल्ड पाणीच घालावे. विहिरीचे कदापि नव्हे.

जुनी बॅटरी गोठ्यात टाकणे किंवा फोडून तिचे आम्ल नाल्यात ओतणे हा तर घरच्यांशीच केलेला घात होय. तिच्यातील शिसे मुलांच्या मेंदूस अपाय करते. सन २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून अधिकृत संकलनासाठी द्यावयाची असते. नवी घेतानाच जुनी विक्रेत्याकडे जमा करणे सोयीचे ठरते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी वस्तीवर एक साधा व्होल्टमापक नेऊन ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळणाऱ्या शेतकऱ्यास निगा म्हणजे काय, हे शिकविण्याची गरज नाही. तीच दृष्टी यंत्राकडे वळविली म्हणजे पुरे.