शोधनिबंधांची मोजदाद आणि महाडचा विंचू

आवडत्या क्रिकेटपटूची धावांची सरासरी तुम्हांला तोंडपाठ असते. शास्त्रज्ञांचीही अशीच मोजदाद होते, हे मात्र तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. एखाद्याने किती शोधनिबंध लिहिले आणि इतर संशोधकांनी आपल्या निबंधांत त्यांचा संदर्भ किती वेळा दिला, हे मोजतात. या आकड्यांवर नेमणुका ठरतात, बढत्या मिळतात, संशोधनाला पैसा मिळतो. हे आकडे नेमके काय सांगतात? आपल्या रायगड जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊन पाहू.

कोकणात लाल विंचू फार. जांभ्याच्या फटीत, पेंढ्यात, सरपणात तो दडून बसतो. त्याच्या विषाने शरीरातील रक्तवाहिन्या आवळल्या जातात. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तीतून वाहणाऱ्या द्रवाला होणारा विरोध दुप्पट नव्हे, 16 पट होतो, हे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी पुढे शिकतील. अशा आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते आणि रोगी दगावतो. गंभीर रुग्णांपैकी शेकडा 30 च्या आसपास मरत. त्यांत मुले बरीच असत.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. रोग्याच्या उशाशी बसून ते लक्षणे टिपत गेले : दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय. या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख 1982 साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध वापरून पाहिले. ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह लिहिलेले त्याविषयीचे छोटेसे टिपण 1986 साली त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या उपचाराने मृत्यूचे प्रमाण शेकडा 1 च्या आसपास उतरले. (विंचू चावला तर मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता दवाखाना गाठायचा, हे घरी जरूर सांगा.)

आता मोजदादीकडे वळू. संदर्भांची पद्धतशीर सूची यूजीन गारफील्ड यांनी अमेरिकेत 1960 नंतरच्या दशकात काढली. एखाद्या विषयावर पुढे कोणी काय लिहिले ते शोधणे सोपे व्हावे, हा तिचा मूळ हेतू. माणसाची किंमत ठरविण्याचा उद्योग नंतरचा. 2005 साली जॉर्ज हिर्श यांनी ‘एच निर्देशांक’ सुचविला. (ते भौतिकशास्त्रज्ञ, म्हणजे दोष आमच्याच गोतावळ्याचा!) समजा, एखाद्याच्या पाच निबंधांना 10, 8, 5, 4 आणि 3 संदर्भ मिळाले. त्यांपैकी चार निबंधांना प्रत्येकी किमान चार संदर्भ आहेत, म्हणून निर्देशांक 4. पण ज्याने एकच निबंध लिहिला आणि त्याला 500 संदर्भ मिळाले, त्याचा निर्देशांक मात्र 1!

शिवाय संदर्भ देणार कोण? त्याच विषयावर लिहिणारे. कर्करोगावर किंवा त्वचारोगांवर जगभर हजारो लोक काम करतात. विंचूदंशावर काम करणारे मूठभर, कारण हा रोग शेतात नि पाड्यांवर राहणाऱ्या गरिबांचा. पोलादपूरच्या ज्या डॉक्टरने ही पद्धत वापरून पोर वाचवले, तो काही निबंध लिहायला बसत नाही. वाचलेले पोर कोणत्याच सूचीत नोंदले जात नाही. म्हणून दोन वेगळ्या विषयांतल्या संशोधकांचे आकडे शेजारी मांडणे मला निव्वळ चुकीचे वाटते.

आकडे अगदीच निरुपयोगी आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. महाडचे काम जगापुढे आले ते छापले गेले म्हणूनच. एरवी ते एका दवाखान्याच्या वहीत राहिले असते. पण आकडा हेच उद्दिष्ट झाले की काय होते, ते आम्ही प्राध्यापकांनी पाहिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 साली बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. त्यात शोधनिबंधांना गुण होते, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना चांगलेच गिऱ्हाईक मिळाले.

तेव्हा शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शास्त्रज्ञाची ओळख करून देताना निबंधांची संख्या आणि पुरस्कार (डॉ. बावस्करांना 2022 साली पद्मश्री मिळाली) यांवर थांबू नका. त्याचा एक निबंध घ्या आणि वर्गात विचारा : प्रश्न कोणता होता? पुरावा कसा गोळा केला? बावस्कर दांपत्याचाच 2011 सालचा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधला निबंध घ्या. महाडच्या 70 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एकाला नुसते प्राझोसिन दिले, दुसऱ्याला त्याच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष. दुसरा गट लवकर बरा झाला. ज्या औषधाने आपले नाव झाले ते एकटे पुरेसे नाही, हे त्यांनी स्वतःच मोजून छापले.