बुद्ध्यांकाआधी मूल

18 ऑक्टोबर हा अल्फ्रेड बिने यांचा स्मृतिदिन. शाळकरी मुलांची बुद्धी मोजणारी पहिली उपयोगी कसोटी त्यांनी थिओडोर सिमाँ यांच्यासह 1905 मध्ये पॅरिसला तयार केली. वर्गात मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना वेगळी मदत लागेल, एवढेच तिच्यातून कळायला हवे होते. बुद्धी जन्मतःच कायमची ठरलेली नसते, शिकवण्याने ती वाढते, असे बिने यांनी 1909 मध्ये बजावून सांगितले होते.

ते ऐकले गेले नाही. कॅलिफोर्नियातल्या शाळांत कृष्णवर्णीय मुले सुमारे 10 टक्के होती. मंदमतींसाठीच्या वर्गांत मात्र त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांच्या आसपास होते. पालक न्यायालयात गेले. ‘लॅरी पी.’ या नावाने गाजलेल्या त्या खटल्यात न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी 1979 मध्ये कृष्णवर्णीय मुलांना बुद्ध्यांकावरून अशा वर्गांत टाकण्यास मनाई केली.

आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने कसोटी मराठी आणि कन्नड मुलांसाठी घडवली. त्यावरचा त्यांचा ग्रंथ 1940 मध्ये निघाला. नुसते भाषांतर करून ते थांबले नाहीत. इथल्या मुलांवर प्रश्न तपासून त्यांनी गुणांची मानके बसवली. हे काम फार मोलाचे आहे, म्हणूनच पुढची उपेक्षा जास्त खटकते. बिने-कामत कसोटी आजही वापरली जाते, पण तिची मानके जुन्या पिढीतल्या मुलांची आहेत. पिढीगणिक अशा चाचण्यांतले गुण चढत जातात, हे जेम्स फ्लिन यांनी 1980च्या दशकात दाखवून दिले. जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यांक फुगलेला दिसू शकतो. मग ज्याला विशेष शिक्षक हवा, तोच ‘काही अडचण नाही’ या शेऱ्यानिशी घरी परततो.

आणि धडगावच्या पावरी बोलणाऱ्या घरातले मूल मराठी प्रश्नांपुढे गप्प बसले, तर ती त्याची बुद्धी मानायची का? अमेरिकेतल्या तीन व्यावसायिक संघटनांच्या 2014 च्या संयुक्त निकषांनुसार मुलाच्या भवितव्याचा मोठा निर्णय एकाच चाचणीच्या गुणांवर घ्यायचा नसतो. चाचणीचा अहवाल देणाऱ्यानेही मानके कोणत्या साली बसवली, चाचणी कोणत्या भाषेत घेतली आणि कोणी घेतली, हे त्यात लिहिले पाहिजे. गुणांचा अर्थ आईवडिलांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितला पाहिजे. मानके नव्याने बसवण्याचा खर्च राज्य सरकारने उचलावा, आणि तपासणीसाठी निवडलेल्या मुलांत मराठीबरोबर पावरी, गोंडी, कोरकू बोलणारी मुलेही असावीत.